भुईमुगाच्या मुलखातली गाण्याची शाळा

मथळा वाचून तुम्ही म्हणाल, साहेबांचं यंदा काहीतरी बिनसलेलं दिसतंय. हुमणी, टिक्का, शेंगा पोसण्याच्या वेळचं पाणी हे सगळं सोडून हे गाण्याच्या शाळेबद्दल काय लिहायला बसले? पण जरा दम धरा. विषय भुईमुगापासूनच निघाला आहे.

उन्हाळी भुईमुगाच्या मेळाव्यासाठी मी टिपणं काढत होतो. तुम्हाला माहीतच आहे की उपट्या जाती वेगळ्या आणि निमपसऱ्या, पसऱ्या जाती वेगळ्या. या पसरणाऱ्या, टपोऱ्या दाण्याच्या जातींना पुस्तकात 'व्हर्जिनिया' गट म्हणतात. आपण ते नाव वर्षानुवर्षं घेतो, पण ते एका प्रांताचं नाव आहे हे सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात सफोक, साउथॅम्प्टन, आइल ऑफ वाइट असे भाग आहेत. रेताड, भुसभुशीत जमीन, भुईमूग, कापूस आणि वराहपालन. आमेदेओ ओबिची नावाच्या इटलीहून आलेल्या एका माणसाने १९१३ साली सफोकमध्ये शेंगदाणे भाजण्याचा मोठा कारखाना काढला आणि ते गाव शेंगदाण्यासाठी नावारूपाला आलं. पुढे २००२ सालच्या शेती कायद्याने तिथली भुईमुगाची कोटा पद्धत संपवली. हमखास भाव गेला आणि व्हर्जिनियातलं भुईमुगाचं क्षेत्र एकदम घटलं. भाव गेला की क्षेत्र जातं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

तर या सफोकची माहिती वाचता वाचता एक वेगळंच नाव समोर आलं. रायन स्पीडो ग्रीन. जन्म सफोकचा, १९८६ सालचा. धंदा काय, तर ऑपेरा गायक. म्हटलं, शेंगदाण्याच्या गावचा माणूस ऑपेरात कसा गेला? म्हणून खोदत गेलो आणि एका शाळेपाशी येऊन थांबलो.

ऑपेरा म्हणजे काय

मुंबईला गेलेल्या मंडळींनी 'ऑपेरा हाऊस' हे नाव ऐकलेलं असतं. गिरगावाजवळची ती जुनी देखणी इमारत बरीच वर्षं बंद पडून होती, २०१६ साली पुन्हा उघडली. पण आत नेमकं काय चालायचं हे विचारलं तर सांगता येत नाही. सोपं करून सांगतो. आपलं संगीत नाटक घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली आलं, तेव्हापासूनची ती परंपरा. त्यात बोलणं असतं आणि मध्ये मध्ये पदं असतात. ऑपेरात बहुतेक सगळंच गाऊन. भांडण गाऊन, प्रेम गाऊन, मरणसुद्धा गाऊन. इटलीत साधारण १६०० च्या सुमारास हा प्रकार सुरू झाला. पुढे जर्मनी, फ्रान्स, रशिया असा पसरला आणि अमेरिकेत गेला.

आता यातली खरी मेख ऐका. ऑपेरा गायकापुढे माइक नसतो. न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन ऑपेरा म्हणून या क्षेत्रातली मोठी संस्था आहे. तिच्या सध्याच्या इमारतीत, जी १९६६ साली उघडली, सुमारे ३,८०० माणसं बसतात. समोर खड्ड्यात साठ-सत्तर वाद्यं एकदम वाजत असतात. आणि गायकाने नुसत्या गळ्याच्या जोरावर मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचायचं. आपल्याकडे चार टाळकऱ्यांच्या भजनालाही आता लाउडस्पीकर लागतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

हे होतं कसं? जोर लावून नाही होत. जोर लावला तर गळा बसतो. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं की वाद्यमेळाचा आवाज खालच्या पट्टीत, सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास सगळ्यात दाट असतो आणि वर जाता जाता विरळ होतो. कसलेला गायक घशाची पोकळी अशी धरतो की त्याच्या आवाजात ३,००० कंपनांच्या आसपास एक वेगळी झणक तयार होते. ट्रॅक्टर घरघरत असला तरी बांधावरच्या पोराची शिट्टी तुम्हाला ऐकू येते की नाही? तसंच हे. ट्रॅक्टरपेक्षा शिट्टी मोठी नसते, पण तिची जागा मोकळी असते. शिवाय माणसाचा कान नेमका त्याच भागात जास्त तिखट असतो.

ही झणक शिकवावी लागते. आणि शिकवायची कधी, हाच सगळा कळीचा प्रश्न आहे.

सकाळी गावची शाळा, दुपारी गाण्याची

व्हर्जिनियात 'गव्हर्नर्स स्कूल' नावाच्या सरकारी शाळा आहेत. हुशार मुलांसाठी राज्याने १९७० च्या दशकात उन्हाळी वर्गांपासून सुरुवात केली, पुढे वर्षभराच्या शाळा झाल्या. त्यातली कलांची एक शाळा १९८७ साली नॉरफोक या बंदराच्या शहरात निघाली. गायन, वाद्य, नृत्य, नाटक, चित्रकला असे विभाग. गायनाच्या विभागात भर ऑपेराच्या पद्धतीच्या गळ्यावर.

सरपंच मंडळी, शाळा समितीचे सदस्य, तुमच्यासाठी या शाळेचा कारभार जास्त महत्त्वाचा आहे. ही शाळा कुण्या एका शहराची नाही. आजूबाजूच्या आठ शिक्षण मंडळांनी मिळून ती चालवली आहे. त्यात नॉरफोक, व्हर्जिनिया बीच, चेसापीक, पोर्ट्समाउथ ही शहरं आहेत आणि सफोक, फ्रँकलिन, साउथॅम्प्टन, आइल ऑफ वाइट हा आपला भुईमुगाचा मुलूखही आहे. प्रत्येक मंडळाचा माणूस कारभारात असतो, प्रत्येकाचा पैशाचा वाटा असतो, वर राज्य सरकारचा वाटा असतो. मुलाकडून फी घेत नाहीत. निवड मात्र परीक्षा घेऊन. तिथे प्रत्यक्ष गाऊन दाखवावं लागतं.

मुलाचं नाव त्याच्या गावच्या हायस्कुलातच राहतं. सकाळी तो तिथे गणित, विज्ञान, इतिहास शिकतो. दुपारी नॉरफोकला येऊन गाणं शिकतो. फ्रँकलिन हे गाव नॉरफोकपासून सत्तरेक किलोमीटर आहे. म्हणजे तालुक्याच्या टोकाच्या गावाहून रोज जिल्ह्याला यायचं झालं. मला ही अर्ध्या दिवसाची व्यवस्था फार आवडली. मूल गावातून उपटून नेलं नाही, त्याची मुळं तिथेच राहिली. दहावी-बारावीही सुटली नाही. उद्या गाणं नाही जमलं तर पोरगं रिकामं राहत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेत अशा वर्गांचे दोन तट आहेत. एक हा सरकारी. दुसरा उन्हाळी शिबिरांचा. मिशिगन राज्यात चेरीच्या बागांच्या मुलखात इंटरलोकन येथे १९२८ पासून हायस्कुलातल्या मुलांचं संगीत शिबिर भरतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी बॉस्टन विद्यापीठाचं टँगलवुड इन्स्टिट्यूट १९६६ पासून चालतं, तिथे तरुण गायकांचा वेगळा विभाग आहे. तळ्याकाठी, झाडीत राहायचं आणि काही आठवडे दुसरं काही नाही, फक्त गाणं. शिक्षण उत्तमच. पण फी काही हजार डॉलर, आपल्या हिशेबात लाखांच्या घरात. शिष्यवृत्त्या असतात, पण शिष्यवृत्ती असते हे आधी घरी कळायला तर हवं! आपल्या योजनांचं काय होतं तेच. अर्जाची तारीख ज्याला कळते त्याचं शेततळं होतं.

स्पीडोची गोष्ट

रायन ग्रीनची हकीकत डॅनियल बर्गनर या पत्रकाराने २०१६ साली पुस्तकात लिहिली आहे आणि ग्रीन स्वतःही ती जाहीरपणे सांगतो. घरची गरिबी, बाप घर सोडून गेलेला, घरात भांडणं. चाकांवरच्या पत्र्याच्या घरात काही वर्षं काढली. पोरगा अंगाने थोराड आणि डोक्याने भडक. बाराव्या वर्षी त्याला मुलांच्या सुधारगृहात ठेवायची वेळ आली. तिथे त्याला एकट्याला कोंडूनही ठेवलं होतं. अशा मुलाबद्दल आपल्या पारावर काय बोललं जाईल ते मला ऐकू येतं. गेलं हे वाया.

सुधारगृहातून बाहेर आल्यावर पुढे काही वर्षांत तो नॉरफोकच्या या शाळेत लागला. गळा मोठा आणि खर्जाचा. एकदा शाळेने मुलांना सहलीला न्यूयॉर्कला नेलं, मेट्रोपॉलिटनमध्ये 'कार्मेन' हा ऑपेरा दाखवला. मुख्य भूमिकेत डेनिस ग्रेव्ह्ज ही कृष्णवर्णीय गायिका होती. तोपर्यंत या पोराला वाटायचं की ऑपेरा म्हणजे गोऱ्या, जाडजूड माणसांचं काम. खेळ संपल्यावर त्याने आपल्या शिक्षकांना सांगितलं की मला इथे, या रंगमंचावर गायचं आहे.

शिक्षकांनी त्याला हसण्यावारी नेलं नाही आणि पाठीवर थाप मारून मोकळेही झाले नाहीत. काय काय करावं लागेल ते एकामागून एक सांगितलं. आधी हायस्कूल पास हो. स्वरलेखन वाचायला शीक. परक्या भाषा शीक. मग कॉलेज. मग स्पर्धा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपणही शेतकऱ्याला 'डाळिंब लाव, सोनं होईल' असं म्हणत नाही. खड्डा किती, लागवडीचं अंतर किती, पहिली तीन वर्षं खर्च कुठून, हे सांगतो. निदान सांगायला पाहिजे.

२०११ साली, चोविसाव्या वर्षी, रायन ग्रीन मेट्रोपॉलिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्यांत आला. पुढे तो त्याच रंगमंचावर गायला, व्हिएन्नाच्या ऑपेरातही गायला. आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी एक वेगळाच योग आला. कोरोनामुळे दीड वर्ष बंद असलेलं मेट्रोपॉलिटन त्या दिवशी उघडलं ते टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या ऑपेराने. १८८३ पासूनच्या त्यांच्या इतिहासात कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा तिथे प्रथमच होत होता. कथा लुइझियाना राज्यातल्या एका खेड्याची, आई कोंबड्यांच्या कारखान्यात राबणारी. मुख्य भूमिका विल लिव्हरमन याची आणि काकाच्या भूमिकेत रायन ग्रीन. हा लिव्हरमन कुठला? व्हर्जिनिया बीचचा. चर्चमध्ये पियानो वाजवत, भजनं गात वाढलेला. आणि शाळा कुठली? तीच, नॉरफोकची. आठ शिक्षण मंडळांनी पैसे एकत्र करून चालवलेल्या शाळेतले दोघं एकाच रात्री त्या रंगमंचावर.

गळ्याची मशागत

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला ऑपेरासाठी शिकवतात म्हणजे काय करतात?

पहिलं लक्षात घ्या की बाजा अजून तयार होतोय. गळ्यात स्वरयंत्र असतं, त्यात दोन स्वरतंतू. मोठ्या पुरुषाचे साधारण १७ ते २५ मिलिमीटर, बाईचे त्याहून आखूड. म्हणजे आपल्या टपोऱ्या शेंगदाण्याच्या दाण्याएवढे. मध्य सप्तकातला एक नेहमीचा सूर लावताना ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. एक मिनिट गायलं की हिशेब तुम्हीच करा. वयात येताना मुलाचं स्वरयंत्र भराभर वाढतं, घाटी पुढे येते, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. आपण म्हणतो, आवाज फुटला. मुलींचाही बदलतो, फक्त इतका ठळक नाही. काही दिवस त्यांचा आवाज वाऱ्यासारखा पोकळ येतो. हे सगळं पक्कं व्हायला विशी उजाडते, आणि जड आवाजाला त्याहून जास्त. वाग्नरच्या नाटकांसारखं भारी काम पेलणारा गळा सहसा तिशीनंतर पिकतो.

म्हणून या वर्गांत मुलांना मोठी, गाजलेली, टाळ्या घेणारी गाणी देतच नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकातली साधी, छोटी इटालियन गाणी देतात. त्यांतल्या चोवीस गाण्यांचा एक जुना संग्रह तर इतका चालतो की बहुतेक विद्यार्थ्यांच्या दप्तरात तो सापडतो. गोऱ्ह्याला पहिल्याच वर्षी नांगराला जुंपत नाहीत. कलमी आंब्याला दुसऱ्या वर्षी मोहोर आला तर आम्ही तुम्हाला तो खुडायला सांगतो, तेव्हा तुमचा जीव हळहळतो ना? या शिक्षकांचं काम तेच आहे, फक्त इथे मोहोर खुडायचा तो पोराच्या आणि त्याच्या आईबापांच्या हौसेचा. त्यांना टाळ्या आजच हव्या असतात.

मग शिकवतात काय? श्वास. आधी श्वास. खांदे उचलून छातीत भरलेला श्वास चालत नाही. बरगड्या पसरून, छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली नेऊन भरलेला श्वास हळूहळू, बेताने सोडायचा. इटालियन भाषेत याला 'आप्पोज्जो' म्हणतात, म्हणजे टेकू. ठिबकचं पाणी आणि पाटाचं पाणी यात जो फरक, तोच इथे. पाणी तेवढंच, पण एकदम सोडलं तर वाया जातं आणि मुळं उघडी पडतात. नंतर साध्या स्वरांच्या पलट्या. एका बारीक नळीतून फुंकत सूर काढण्याचा व्यायामही करून घेतात. बाहेर हवेचा अडथळा असला की आतल्या स्वरतंतूंवरचा मार कमी होतो.

मग भाषा. इटालियन, जर्मन, फ्रेंच. मुलाला त्या बोलता याव्यात असं नाही, पण उच्चार चोख आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत. त्याबरोबर स्वरलेखन डोळ्यांनी वाचून लगेच गाणं, थोडा पियानो, वृंदगायन, अभिनय, रंगमंचावर चालणं-बसणं. आणि एकट्याची तालीम, शिक्षकासमोर एकटं. पाणी भरपूर पिणे, झोप पुरी घेणे, मैदानावर किंचाळायचं नाही, घसा बसला तर गायचं नाही. यातली शेवटची गोष्ट पाळायला सगळ्यात अवघड, असं शिकवणारे सगळेच सांगतात. पोराला तू कोणत्या पट्टीचा, म्हणजे बॅरिटोन की टेनर, हा शिक्काही घाईने मारत नाहीत. रोपावरून फळाचा भाव कुणी ठरवू नये.

जुनी जखम

हे शहाणपण आकाशातून पडलेलं नाही. त्याच्यामागे मोठं पाप आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नेपल्स या इटलीतल्या शहरात सोळाव्या शतकात अनाथ मुलांसाठी चार आश्रम निघाले. तिथे मुलांना संगीत शिकवू लागले. संगीत शाळेला आज 'कॉन्झर्व्हेटरी' म्हणतात तो शब्द इथूनच आला, मूळ अर्थ सांभाळ करण्याची जागा. पुढे ऑपेराला उंच, कोवळ्या पण ताकदवान आवाजांची मागणी वाढली. तेव्हा गरिबाघरच्या गोड गळ्याच्या मुलांचा आवाज फुटू नये म्हणून त्यांना लहानपणीच खच्ची करायचे. होय, आपण बैलाला करतो तसंच. त्यातले थोडे राजवाड्यात गाऊन श्रीमंत झाले. बाकीच्यांचा आवाजही गेला आणि संसारही. या प्रकारचा शेवटचा गाजलेला गायक अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली वारला, त्याच्या आवाजाच्या १९०२ आणि १९०४ सालच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. मी ऐकल्या. ऐकवत नाही, आणि बंदही करवत नाही.

मुलाच्या गळ्यावर मोठ्यांची हाव बसली की काय होतं याचा हा टोकाचा नमुना. आता तसं कुणी करत नाही. पण हाव गेली आहे असं टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा बघून मला तरी वाटत नाही.

जेसी नॉर्मनचंही उदाहरण बघा. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावची कृष्णवर्णीय मुलगी, जन्म १९४५. मेट्रोपॉलिटन ऑपेरा १९३१ पासून शनिवारी दुपारी रेडिओवरून खेळ ऐकवतं, तसे खेळ ऐकत ती वाढली. आपल्याकडे रेडिओवरून शेतीचा सल्ला ऐकत आपले वडील वाढले, तसंच म्हणा. सोळाव्या वर्षी ती फिलाडेल्फियाला एका मोठ्या गायन स्पर्धेला गेली. जिंकली नाही. पण त्याच प्रवासात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या गायनाच्या शिक्षिकेने तिला ऐकलं आणि वय झालं की इथेच ये, म्हणून शिष्यवृत्ती मिळाली. १९८९ साली फ्रान्सच्या राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा पॅरिसच्या चौकात फ्रान्सचं राष्ट्रगीत गायला याच बाईंना बोलावलं होतं. २०१९ साली त्या गेल्या. सांगायचा मुद्दा असा की स्पर्धेचा निकाल एक असतो आणि ऐकणारा जाणता कान दुसरा असतो. सोळाव्या वर्षी मुलाला दुसऱ्याची गरज जास्त.

आपल्या देशातही हे पूर्ण परकं नाही. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ या गायिकेने इंग्लंडमध्ये नाव काढलं आणि पुढे मुंबई, गोव्यात येऊन तरुण मुलांना या पद्धतीचं गाणं शिकवलं. गोव्यात चर्चमुळे ही गायकी पिढ्यान्‌पिढ्या कानावरची आहे.

काळी पाच

आता मी हे सगळं तुमच्यापुढे का मांडतोय, ते सांगतो. मी ज्या गावांत फिरतो त्यातल्या एका गावी चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी हरिनाम सप्ताहात त्याने काळी पाचमध्ये अभंग लावला तेव्हा विणेकऱ्याचा हात थांबला होता. तेव्हापासून पंचक्रोशीत कुठेही सप्ताह असो, पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचे. यंदा त्याचा आवाज फुटला. तरी चाल काळी पाचचीच, कारण पेटीवाल्याला तीच सवय आणि लोकांनाही तोच आवाज हवा. पोराने शिरा ताणून गायलं. तिसऱ्या दिवशी घशातून नुसता वारा. एकाने हळद-दूध सांगितलं, दुसऱ्याने ज्येष्ठमध, तिसऱ्याने दृष्ट काढली. आणि चौथा जे बोलला ते पोराने ऐकलं, की आता ह्याच्यात काही राम राहिला नाही.

मला माझे दिवस आठवले. आठवीत माझा आवाज फुटला तेव्हा शाळेत प्रार्थना म्हणणाऱ्या मुलांच्या रांगेतून गुरुजींनी मला बाजूला केलं होतं. काही बोलले नाहीत, नुसतं बोटाने दाखवलं, तिकडे उभा राहा. पुन्हा बोलावलं नाही. मी काही मोठा गवई होणार नव्हतो, ते सोडा. पण त्या दिवसानंतर मी चारचौघांत तोंड उघडून गायलो नाही, आजतागायत.

म्हणून त्या मुलाच्या आजोबांकडे गेलो. आबा पंचाहत्तरीचे, स्वतः जुने टाळकरी. त्यांना नॉरफोकची शाळा सांगितली, स्वरतंतू सांगितले, आंब्याचा मोहोर सांगितला. शेवटचं पटलं. म्हणाले, "म्हंजी साहेब, ह्याला यंदा गाऊच द्यायचं न्हाई?" म्हटलं, "आबा, गाऊ द्या, पण त्याच्या खालच्या पट्टीत, घरात, थोडं थोडं. घसा दुखला की बंद. काळी पाच आता त्याची नाही. आणि घशाचा त्रास तीन आठवड्यांवर गेला तर तालुक्याला कान-नाक-घसा डॉक्टरला दाखवायचं, हळदीवर ठेवायचं नाही." आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "माझाबी आवाज असाच गेला व्हता. कुणी सांगितलंच न्हाई."

हेडमास्तरांशीही बोललो. आपल्याकडे आठ शिक्षण मंडळं एकत्र येऊन गाण्याची शाळा काढतील असं आज मला दिसत नाही. पण चार केंद्रांच्या शाळांनी मिळून एक जाणकार गायन शिक्षक आठवड्यातून दोन दुपारी बोलवावा, त्याच्या मानधनाला ग्रामपंचायतींनी थोडा थोडा हातभार लावावा, एवढं तर होईल. यात्रेच्या ऑर्केस्ट्राला आपण एका रात्रीत किती मोजतो हे सरपंच मंडळींना मी सांगायची गरज नाही. हेडमास्तर म्हणाले, ठराव मांडून बघू. एक सदस्य म्हणाले, आधी शाळेच्या संडासाचं दार बसवा. त्यांचंही चुकलं नाही. दोन्ही मुद्दे पुढच्या बैठकीच्या कागदावर लिहिले आहेत, दार पहिलं आणि गाण्याचा मास्तर तिसरा. मध्ये पाण्याची टाकी आहे.

मुलगा सध्या काकड्याला येतो. मागच्या रांगेत उभा राहून टाळ वाजवतो. परवा मी पहाटे भुईमुगाच्या पेरणीच्या कामाने त्या गावात होतो, देवळावरून जाताना थांबलो. पेटीवाल्याने त्या दिवशी पट्टी दोन घरं खाली घेतली होती. कुणी सांगितलं होतं ते मला कळलं नाही, पण आबा माझ्याकडे न बघता डोळे मिटून टाळ वाजवत होते.